डिझाईन फुकट

चित्रकाराला उपदेश करायला चित्रकला यावी लागत नाही. गवयाला उपदेश करताना माणूस निदान एकदा आवंढा गिळतो, कारण 'मग तुम्हीच गाऊन दाखवा' असं तो म्हणेल ही धास्ती असते. चित्रकाराच्या बाबतीत ही धास्ती नाही. त्याच्या एका हातात ब्रश असतो, दुसऱ्या हातात रंगाची वाटी असते आणि दुसरा ब्रश बहुधा तोंडात असतो. तो बोलणार कशानं? त्यामुळे येणारा जाणारा दोन शब्द सुनावून जातो. माझी अठ्ठावीस वर्षं बीड जिल्ह्यातल्या शाळांतून चित्रकला शिकवण्यात गेली. या काळात तपासणीला आलेल्या साहेबांपासून ते डब्बा घेऊन आलेल्या पालकांपर्यंत सगळ्यांनी मला उपदेश केला. त्यातला सर्वांत लाडका उपदेश असा, 'सर, पोरांच्या हातात कला आहे हो, पण आत्मविश्वास नाही. तेवढा वाढवा.'

आता वजन वाढवा म्हटलं तर तूप खाऊ घालता येतं. मार्क वाढवा म्हटलं तर त्याचेही मार्ग आहेत. आत्मविश्वास वाढवायचा म्हणजे नेमकं काय खाऊ घालायचं? आणि मुळात कलावंताच्या अंगात आत्मविश्वास कमी असतो, हे निदान केलं कुणी? या निदानाविरुद्ध माझी जाहीर तक्रार आहे. रोगी बरा आहे. त्याच्या उशाशी बसून जे रोज त्याची नाडी बघतात आणि 'अरेरे' म्हणतात, त्यांनाच जरा बाहेर काढण्याची गरज आहे.

एका शाळेत 'व्यक्तिमत्त्व विकास' या विषयावर बोलायला एक पाहुणे आले होते. सुटाबुटात होते. दोन तास बोलले. त्यांनी सांगितलं, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी थोर कलावंत आहे' असं एकवीस वेळा म्हणायचं. टाळ्या झाल्या. पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळालं. त्याच महिन्यात मी मागितलेल्या रंगपेट्यांचा कागद 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन परत आला, ही गोष्ट वेगळी. कार्यक्रम संपल्यावर आठवीतला एक पोरगा माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, 'सर, आमच्यात आरसा हाय, पण दाढीपुरता. सकाळी बापाला लागतो. सांजच्याला म्हनलं तर जमंल का?'

मी त्याला म्हटलं, तू आरशाकडे जाऊच नकोस. वहीकडे जा.

कारण माझा अनुभव असा आहे, की ज्याला काहीच येत नाही त्याला आत्मविश्वासाची टंचाई कधी जाणवत नाही. टंचाई जाणवते ती येणाऱ्याला. जुन्या काळचा बोर्ड रंगवणारा पेंटर तुम्ही पाहिला असेल. दोन अक्षरं रंगवली की तो शिडीवरून उतरायचा, चार पावलं मागं यायचा, एक डोळा मिटायचा, मान तिरकी करायचा आणि 'च्' असा आवाज काढून पुन्हा शिडी चढायचा. बघणाऱ्याला वाटायचं, याला आपल्या कामाची खात्री नाही. अहो, ती शंका हीच त्याची फूटपट्टी! ती शंका काढून घेतली तर मागं उरतो तो नुसता चुना लावणारा. कामाविषयी शंका असणं आणि स्वतःची लाज वाटणं, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कलावंत स्वतः कमावतो. दुसरी त्याला आपण देतो, आणि तीही वाटेल तेवढी, हात आखडता न घेता.

कशी देतो ते बघा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला 'गावाचं चित्र काढ' म्हणा. तो दोन त्रिकोणी डोंगर काढील, त्यांच्या मधून अर्धा सूर्य वर काढील, तिथून एक नदी सोडील, काठावर एक झोपडी आणि झोपडीवर वाकलेलं नारळाचं झाड. आता आमच्या बालाघाटाचा डोंगर कुणी पाहिलाय का? तो माथ्यावर पोळपाटासारखा सपाट आहे. त्याला टोक शोधायला गेलात तर पाय दुखून येतील. नारळ आम्ही पाहतो तो देवळात नाही तर किराणा दुकानात, आणि दोन्हीकडे झाडाशिवाय. राहिली नदी. चैत्र-वैशाखात बिंदुसरेला भरून वाहती दाखवणं म्हणजे स्मरणचित्राच्या पेपरात कल्पनाचित्र काढण्यासारखं आहे. तरीही आमची पोरं पिढ्यान् पिढ्या ते नारळाचं झाड काढत आली. कारण 'चांगलं चित्र' असंच असतं, असं त्यांना मोठ्यांनी सांगितलेलं.

तो दाढीच्या आरशाचा पोरगा मात्र निराळा होता. आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. हा त्यांच्यातला. एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चालली होती. वस्तुचित्र झालं, संकल्पचित्र झालं, स्मरणचित्राला मी वर्गाला विषय दिला 'पहाट'. त्यानं काढली ती उसाच्या फडातली पहाट. पाचटाची कोपी, तिच्यापुढं पेटलेली चूल, अंधारात भरायला उभा असलेला ट्रॅक्टर, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढणारी बाई. ती फळी त्यानं वाकलेली काढली होती. वजनानं फळी किती वाकते हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. आईच्या पायाखाली वाकताना त्यानं ती पाहिली होती.

त्या दिवशी शाळेत एक बडे पाहुणे हिंडत होते. वर्गात आले, वही उचलली आणि प्रेमानं म्हणाले, 'हे काय बाळ? पहाट कशी प्रसन्न असते! सूर्य कुठाय? डोंगर कुठायत?' पाहुण्यांची पाठ वळायच्या आत पोरानं खोडरबर घेतला. मी हात धरीपर्यंत अर्धी फळी गेली होती. त्या खोडरबराखाली जे घासलं गेलं, त्याला मी आत्मविश्वास म्हणतो. तो पोराजवळ होता, चांगला वाकलेल्या फळीएवढा होता. तो वाढवा म्हणून कुणी सांगायला नको होतं. नुसतं तिथून निघून गेलं असतं तरी पुरे होतं.

यावर हमखास उत्तर येतं, 'काय करणार सर, आपल्या भागाला कलेची परंपराच नाही.' हे वाक्य उच्चारणारा माणूस बहुधा अंबाजोगाईच्या बस स्टँडवर उभा असतो. तिथून जवळच हत्तीखान्याची लेणी आहेत, अख्ख्या खडकातून हत्ती कोरून काढलेत. आणि त्याच गावात दासोपंतांची पासोडी आहे.

दासोपंत हे मूळ नारायणपेठचे देशपांडे, काळ १५५१ ते १६१५, आणि कर्मभूमी अंबाजोगाई. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं दुहेरी कापड. थंडी वाजली की आपण ते पांघरतो. पंतांनी त्यावर ग्रंथ लिहिला. पंचमहाभूतं एकमेकांत कशी मिसळतात आणि त्यातून हे सारं विश्व कसं उभं राहतं, हा त्यातला 'पंचीकरणा'चा विषय. नुसत्या ओव्या लिहून पंत थांबले नाहीत, आकृत्या काढल्या, कोष्टकं मांडली. कापड सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद. आजच्या भाषेत सांगायचं तर एकशे साठ चौरस फूट! असा मजकूर, अशी मांडणी आणि एवढा पन्हा सांभाळायचा, तोही हातानं, तोही कापडावर, जिथं खोडरबर चालत नाही. आजच्या भाषेत याला डिझाईनच म्हणायचं. आणि ते आमच्या जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वी झालेलं आहे.

पंतांना कुणी विचारलं असेल का, 'पंत, आत्मविश्वास आहे ना?' मला नाही वाटत. त्यांच्याबद्दल जी गोष्ट सांगतात ती वेगळीच आहे. ते रोज एका ढब्बू पैशाची शाई लिहून संपवीत म्हणे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात आहेत, आणि पंतांचा 'गीतार्णव' परंपरेनं सव्वा लाख ओव्यांचा मानतात, तेव्हा शाईचा हा हिशेब अगदीच हवेतला नसावा. कलावंताचा आत्मविश्वास मोजायचं माझ्या मते हे एकच खरं माप आहे. रोज शाई किती संपली? आरशासमोर एकवीस वेळा उभं राहून शाई संपत नाही.

पण या गोष्टीतला ढब्बू पैसा मात्र आपण सोयीस्कर विसरतो. शाई फुकट नव्हती. रोज एक ढब्बू पैसा कुठून तरी येत होता म्हणून ती रोज संपत होती. चारशे वर्षांत पंतांच्या शाईचं कौतुक सगळ्यांनी केलं, पैशाची चौकशी कुणी केली नाही. माझं खरं भांडण इथून सुरू होतं.

मघाचा तो बोर्डाचा पेंटर आठवा. तो अक्षरामागं किंवा फुटामागं पैसे घ्यायचा, उधारीवरून भांडायचा, आणि बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक, फर्राटेदार अक्षरांत स्वतःचं नाव घालायचा. दुकान मालकाचं, माल मालकाचा, पण अक्षर कुणाचं हे सगळ्या पेठेला ठाऊक असायचं. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी पुढं १९२० साली 'सैरंध्री' चित्रपट काढला, पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो बाबूराव पेंटर म्हणून. धंदा हेच आडनाव झालं, आणि ते मिरवण्यासारखं झालं. कमल शेडगे २०२० साली गेले. त्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावं अशी काढली की लोक नाटकाआधी अक्षराच्या प्रेमात पडत. असा आत्मविश्वास कुठल्या शिबिरात मिळत नाही. कामाचे पैसे आणि कामाखाली नाव, या दोन पायांवर तो उभा राहतो. एक पाय काढला की लंगडतो. दोन्ही काढले की खाली बसतो, आणि मग आपण म्हणतो, 'पोरगं बुजरं आहे.'

आता आमच्या त्या पोराकडे येऊ. तो हल्ली एका फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसतो. फ्लेक्स आले आणि पेंटर शिड्यांसकट गेले. मागं राहिला तो हा पोरगा. बीड जिल्ह्यात फ्लेक्सचं पीक कुठल्याही हंगामात येतं, त्याला पाऊस लागत नाही. वाढदिवस, निवड, फेरनिवड, निवडीबद्दल अभिनंदन आणि अभिनंदनाबद्दल आभार. मी एकदा तासभर त्या दुकानात बसलो होतो. गिऱ्हाईक पोराच्या खुर्चीमागं उभं राहून खांद्यावरून पडद्यावर बोट ठेवत होतं.

'भाऊ, आमच्या दादाचा फोटू जरा मोठा कर की.'

'दादांचा मोठा केला तर साहेबांचा झाकतोय.'

'साहेबांचा वर सरकव.'

'वर महापुरुष आहेत.'

'मंग महापुरुष बारीक कर!'

महापुरुष बारीक झाले. मग खाली शुभेच्छुकांचे त्रेचाळीस फोटो बसवायचे होते, ते बसवून झाल्यावर चव्वेचाळिसावा मोबाईलवरून आला, कारण तो राहिला तर निवडणुकीत भारी पडला असता. मग दादांच्या मागं सिंह टाकला. सिंह दादांपेक्षा रुबाबदार दिसतो म्हणून काढला आणि वाघ टाकला. एवढ्या गर्दीत त्या पोरानं नावाचं वळण साधलं, रंग एकमेकांच्या अंगावर जाऊ दिले नाहीत आणि एकूण कापडाला एक डौल आणला. पंतांना निदान पंचमहाभूतांचाच मेळ घालायचा होता. इथं चव्वेचाळीस होती!

शेवटी हिशेब झाला. दहा बाय पंधरा, दर चौरस फुटाला इतका. छपाईचे पैसे लागले. लाकडी चौकटीचे लागले. वर चढून बांधणाऱ्याचे लागले. मी विचारलं, 'आणि डिझाईनचे?' गिऱ्हाईक, मालक आणि पोरगा तिघंही माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मी हवेचे पैसे विचारले होते. मालक म्हणाला, 'सर, डिझाईन फ्री असतंय.' मशिनला किंमत, बांबूला किंमत, सुतळीला किंमत. फुकट फक्त डोकं. आणि त्या डोक्याला डिझायनर म्हणत नाहीत बरं का, 'ऑपरेटर' म्हणतात. आमच्याकडे बोअरच्या मशिनवर असतो तो पण ऑपरेटरच. पगार महिन्याचा मिळतो, तो बटणं दाबण्याचा. फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव आणि मोबाईल नंबर असतो, काढणाऱ्याचं नाव नसतं. आणि जाता जाता तेच गिऱ्हाईक मला म्हणालं, 'पोरगं हुशार हाय सर, पण जरा आत्मविश्वास कमी पडतोय बगा.'

चौरस फुटाचा दर मला खटकत नाही. पंढरपुरात जन्मलेले हुसेन १९३०च्या दशकात मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवत, तेव्हा त्यांनाही चौरस फुटाला चार-सहा आणे मिळत. पण ते आणे रंगवण्याचे होते, बांबूचे नव्हते. त्या अल्प आण्यांत एक गोष्ट साफ लिहिलेली होती, की तुझ्या हाताला भाव आहे. कमी आहे, पण आहे. शून्याला कितीनं गुणलं तरी आत्मविश्वास येत नाही.

हे पुढाऱ्यांचं झालं म्हणून आपण मध्यमवर्गीयांनी हसायचं कारण नाही. आपण काय वेगळे आहोत? नात्यात एखादा चित्रकार निघाला की मुंजीची पत्रिका, दाराची पाटी, गणपतीमागचा पडदा आणि सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचा फलक यांची चिंता मिटली. 'अरे, तुझं पाच मिनिटांचं काम!' मी एकदा विचारलं, पाच मिनिटांचंच आहे तर तुम्ही का नाही करत? तर म्हणाले, 'आम्हाला कुठं येतं!' म्हणजे येत नाही त्याचे पैसे शून्य आणि येतं त्याचेही शून्य. हे कुठलं अंकगणित? वर पुन्हा 'तुझ्या बोटांत सरस्वती आहे' असा आशीर्वाद. सरस्वतीच्या नावानं पैसे बुडवायची ही पद्धत फार जुनी आहे. 'लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत' हे तत्त्वज्ञान ज्यानं ज्यानं मला ऐकवलं, त्याच्या घरी लक्ष्मी सुखानं नांदत होती.

आणि नाव विचारायची सवय तर आपल्याला नाहीच. सरकारी कचेरीतून ज्या 'मंगल' अक्षरांत आपले अर्ज वर्षानुवर्षं फेटाळले गेले, ती अक्षरं घडवली र. कृ. जोशी या मराठी माणसानं. २००८ साली ते गेले. किती जणांना ठाऊक आहे? अर्ज फेटाळणाऱ्याची सही मात्र आपण भिंगानं वाचतो.

कुणी म्हणेल, मास्तर, पैशानं प्रतिभा येते का? नाही येत. पण उधारीनं तरी कुठं येते? पैसे देण्याचा खरा फायदा दुसराच आहे. पैसे देणारा माणूस काम नीट बघतो, चूक काढतो, 'हे अक्षर मला लांबून वाचता येत नाही' असं तोंडावर सांगतो. त्यानं हात सुधारतो. फुकट घेणारा संकोचापोटी 'छान! छान!' म्हणतो आणि कपाटात टाकतो. शंभर फुकट 'छान' मिळालेल्या पोराला आपण खरोखर कुठं उभे आहोत हे कधीच कळत नाही. मग तो बिचारा आरशाला विचारत बसतो.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात एवढंच. पोरांना आत्मविश्वास द्यायला जाऊ नका. चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका. पोरानं वाकलेली फळी काढली तर तिला सरळ करायला सांगू नका. काम करून घेतलंत तर डिझाईनचा आकडा बिलात वेगळा लिहा, मग तो पन्नास रुपये का असेना. आणि कुणी काढलं म्हणून विचारा. एवढं केलंत तर व्याख्यान द्यायची गरज पडणार नाही, आणि व्याख्यात्याच्या पाकिटात रंगपेट्याही येतील.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा त्या दुकानावरून गेलो. नवा फ्लेक्स छापून बाहेर आला होता. गिऱ्हाईक तो जमिनीवर पसरून एकेक तोंड मोजत होतं. अगदी उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या शुभेच्छुकाच्या खाली, मुंगीएवढ्या पण मोठ्या वळणदार अक्षरांत आमच्या पोराचं नाव होतं. गिऱ्हाइकानं गुडघे टेकून ते वाचलं आणि विचारलं, 'ह्यो कोन? आपल्या गटाचा हाय का?'

पोरगा खुर्चीतून न उठता म्हणाला, 'त्यानंच काढलाय फ्लेक्स.'

गिऱ्हाईक चार पावलं मागं सरकलं, एक डोळा मिटून त्यानं सगळा फ्लेक्स नव्यानं बघितला आणि म्हणालं, 'ऱ्हाऊ दे मंग.'

पैसे मात्र त्यानं चौरस फुटाचेच दिले.